एकेचाळिसाव्या पुस्तकाचं शेवटचं पान

पेन्सिल अंगठ्याएवढी उरली होती आणि तिचं टोक शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर येऊन थबकलं होतं — जिथे तारीख लिहायची तिथे तारीख होतीच. एक नव्हे, तीन. एकाखाली एक. फेब्रुवारीतली, एप्रिलमधली, आणि खालची गेल्या महिन्यातली, नऊ तारीख. अक्षर बारीक, डावीकडे किंचित झुकलेलं... तीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं आपलंच अक्षर बाई कसं नाकारणार?

पुस्तक संपवलं की मागच्या पानावर तारीख टाकायची, पुस्तकाचा निरोप घेतल्याशिवाय उठायचं नाही — ही शिस्त त्यांनीच मुलांना लावलेली. यादीही त्यांचीच : माणसानं मरण्याआधी वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं. निवृत्त झाल्यावर ती भिंतीवर लावून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली. ‘पन्नास झाली की आई सुटली,’ मुलगा थट्टा करायचा. ‘मी नाही रे, तुम्ही सुटाल,’ त्या म्हणायच्या. कुठवर आलो ते कळावं म्हणून यादीच्या कडेला कागदाचा चिमटा. तो एकेचाळीसवर होता. पुढे सरकवायचा राहून गेला असेल... एकदा राहील. तीनदा?

आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, शेवटचा परिच्छेद वाचताना डोळे भरून आले होते ते? जन्मभर पूल राखणारा तो माणूस, स्वतः कधीच पलीकडे न गेलेला, अखेर पहिलं पाऊल टाकतो — किती अचानक वाटलं होतं! म्हणजे तेव्हाही असंच अचानक वाटलं असेल. तीनही वेळा. मी कुठे होते त्या दिवशी, नऊ तारखेला?

“आई, चहा.” सुनेनं कप ठेवला. “येईल आता तुमची पलटण. आज कुठली गोष्ट?”

“पुलावरच्या माणसाची.”

सून क्षणभर कपाशीच घोटाळली. “छान आहे ती.”

“तू कधी वाचलीस?”

“ऐकलीय,” ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

चारला मुलं आली. दर गुरुवारची, याच इमारतीतली पाच जणं. सतरंजीवर बसली, आणि आज पहिल्यांदाच बाईंना ती फार शहाण्यासारखी बसल्याचं जाणवलं. “एका पुलावर एक रखवालदार होता...” कुणी विचारलं नाही, पूल लाकडाचा की दगडाचा. नदी किती खोल, मगरी होत्या का — एरवी नुसता भंडावून सोडतात! टकळी, जिचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही, तीही गप्प. बाईंना आपलाच नियम आठवला : गोष्ट ठाऊक असेल तर ओठ शिवायचे, शेवट फोडणारा दाराबाहेर. एकदा त्यांनी टकळीला खरंच तासभर बाहेर उभं केलं होतं. पोर रडून लाल झाली होती. हे आठवतंय. हे स्वच्छ आठवतंय!

त्यांनी मुद्दाम चूक केली. “त्याच्याजवळ दोन कुत्री होती—”

“एकच!” टकळी म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शेजारच्यानं तिला कोपर मारलं.

“तुला गं कसं ठाऊक?”

“...अंदाजानं, बाई.”

किती वेळा सांगितली मी, एवढंच विचारायचं होतं. ओठांवर आलंही. पण उत्तर म्हणून जो आकडा येईल तो... आणि आकडा ऐकूनही उद्या विसरले तर? पाच तोंडं वर करून बघत होती. त्यांत कीव होती की नियम पाळण्याची भीती, काही कळेना.

“पुढं काय झालं?” सगळ्यात धाकट्यानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं? की तोही शिकला होता?

मुठीत पेन्सिल तशीच होती. चौथी तारीख लिहायची राहिली होती. बाई सांगू लागल्या. “एकच कुत्रं होतं. म्हातारं, आणि डोळ्यानं—” शब्द अडला. टकळीचे ओठ आवाज न करता हलले : अधू. “—अधू,” बाई म्हणाल्या. भीती कमी झाली नव्हती, खाली पाणी तसंच काळं वाहत होतं. पण त्या हलत्या ओठांवरची नजर त्यांनी काढली नाही, पुलाचा कठडा धरावा तशी, आणि पुढचं वाक्य उचललं.