कोपऱ्यावरचं कोडं

कोडी घालायची खोड रत्नव्वाला माहेरीच लागलेली. २००६ सालच्या डिसेंबरात इचलकरंजीत रात्रीचे आठ वाजायचा अवकाश, की लाईट जायची. माग बंद, टीव्ही बंद आणि पोरं रडवेली. तेव्हा तिनं बोळाच्या तोंडाशी एक फळा टांगला आणि रोज सकाळी त्यावर एक कोडं लिहायला सुरुवात केली. माणसं ते वाचून कामाला जायची, मागांच्या खडखडाटात एकमेकांच्या कानाला लागून उत्तर शोधायची, आणि संध्याकाळी अंधारात परतताना कोपऱ्यावर बसलेल्या पोरांना ते सांगायची. बरोबर आलं की चिक्कीचा तुकडा. मिशीवाले बापई त्या तुकड्यासाठी पोरांशी हुज्जत घालायचे. थंडीचे ते काळोखे दिवस बोळ हसत हसत ढकलत होता.

एक गोष्ट मात्र रत्नव्वानं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या कोड्याचं उत्तर कधीही 'प'नं सुरू होत नसे.

तिचा नवरा श्रीशैल 'प'ला अडायचा. ओठ मिटायचे, मान ताठ व्हायची आणि शब्द आतल्या आत राहायचा. शाळेत त्यापायी भरपूर मार आणि टिंगल सोसल्यावर तो पळवाटा शिकला. पाणी हवं असलं की "तांब्या दे" म्हणायचा, पगाराला "हप्ता" म्हणायचा. मुलीचं नाव प्रतिभा ठेवायचं सासूच्या मनात होतं, रत्नव्वानं हट्टानं शिवांजली ठेवलं. बोळाला वाटायचं, माणूस मुळातच अबोल आहे. तसंच वाटत राहावं अशी श्रीशैलची इच्छा होती, आणि रत्नव्वा ती जिवापाड जपत होती.

मग चोरांची आवई उठली. कुऱ्हाडी घेतलेली टोळी आसपास उतरलीय म्हणे. कुणी पाहिली नव्हती, पण रोज कुणीतरी ती थोडी वाढवून सांगायचं. पीठगिरणीवाला हंबीरराव गस्तीचा म्होरक्या झाला, शेजारच्या बोळातली तरणी पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन त्याला मिळाली.

"आक्का, तुमचं कोडं लई कामाचं निघालं की," तो रत्नव्वाला म्हणाला. "उत्तर आलं तर आपला माणूस. न्हाय आलं तर हाणायचा."

पोरांना कोपऱ्यावरून उठवलं, तिथं काठ्या बसल्या. रत्नव्वा तेव्हा सगळ्यांबरोबर हसली. घरी आल्यावर तिनं उद्याच्या कोड्याचं उत्तर पुन्हा एकदा तपासलं, 'प'नं सुरू होत नाही ना ते.

आणि एका सकाळी ती खडू घेऊन गेली, तर फळ्यावर आधीच हंबीररावाचं गिचमिड अक्षर होतं. दिवसभर चालतो, गावाला पोचत न्हाय. रडणाऱ्याला निजवतो, आपण निजत न्हाय.

"आज माझं," हंबीरराव म्हणाला. "तुमची लई सोपी असत्यात. चोराला बी यायची."

पाळणा. उत्तर नेमकं 'प'नं सुरू होत होतं. बदला म्हणावं, तर तो का म्हणून विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर ती भर बोळात देऊ शकत नव्हती. ती खडू घेऊन तशीच परतली. श्रीशैल कामावर निघाला होता. दूध आणताना त्यानंही फळा वाचला होता.

"आज मागच्या वाटंनं या," ती म्हणाली.

"तिकडं बी गस्त हाय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला वळखत्यात की सगळी."

त्याची मान ताठली होती. त्याला उत्तर आलं होतं, म्हणूनच ती जास्त घाबरली. दिवसपाळी आठला सुटायची. त्याआधी आपणच कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं, असं तिनं ठरवलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पण लाईट त्या दिवशी साडेसहालाच गेली. माग थांबले, तशी कारखानदारानं माणसं सोडून दिली. रत्नव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि कोपऱ्यावरून आवाज आला.

"कोण हाय त्यो? उत्तर सांग."

पुढं काही नाही. पुन्हा तोच सवाल, आता चढ्या आवाजात, आणि पुन्हा काही नाही. बाकीच्यांना ते चोराचं गप्प राहणं वाटलं असेल. रत्नव्वा त्या गप्प राहण्याबरोबर दहा वर्षं नांदली होती. ती पिठाच्या हातांनी तशीच उठली.

तेवढ्यात श्रीशैलचा स्वच्छ आवाज आला. "झोळी."

त्यानं पळवाट काढली होती. त्याच्या लेखी ते खोटंही नव्हतं. विणकरांच्या घरात लेकरं लुगड्याच्या झोळीतच वाढतात. पण काठीला ते कोण समजावणार.

"चुकलं रं. ह्यो आपला न्हाय. धरा."

"मारू नगासा, आमचं मालक हाईत," ओरडत ती अनवाणी धावली. कुत्री भुंकत होती, दारं धडाधडा लागत होती, तिचं तिलाच ऐकू येईना. अंधारात काठीचा आवाज झाला. अंगावर बसलेल्या काठीचा आवाज वेगळा असतो, तो तिला कळला.

ती पोचली तेव्हा कुणीतरी बॅटरी मारली होती. हंबीररावानं त्या माणसाची माकडटोपी ओढून काढली.

"आरं, ह्यो तर श्रीशैल." त्याचा आवाज एकदम उतरला. "मर्दा, निदान नाव तरी सांगायचं की. तोंड न्हवतं व्हय?"

श्रीशैलच्या भुवईतून रक्त गालावर उतरत होतं. काठी बसल्यावर भीतीनं त्याची सगळीच अक्षरं गोठली होती. रत्नव्वानं त्याचा दंड धरला. "चला घरी. कळलं त्यास्नी. चला."

तो हलला नाही. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, डोळे बंद होते. तो उत्तर देत होता. रत्नव्वाच्या जिभेवर शब्द तयार होता, त्याच्याऐवजी ती सहज म्हणू शकली असती. तिनं दात दाबून धरले. दारं उघडून बाहेर आलेला अख्खा बोळ बॅटरीच्या उजेडात त्या तोंडाकडे बघत होता, आणि इतकी वर्षं झाकलेलं सगळं उघडं पडत होतं.

"पा," त्याच्या तोंडून फुटलं. मग खूप वेळानं, "पाळणा."

त्यानं डोळे उघडले आणि हंबीररावाकडे बघितलं. बरोबर की चूक, ते आता हंबीररावानं सांगायचं होतं.