शोभनाच्या पानातलं चीज

शोभनाच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस होते. गुरुजींनी पुण्याहून फोनवर तिच्या नवऱ्याला, राजनला सांगितलं होतं, "बाकी जमेल तसं करा, पण त्यांच्या आवडीचं काहीतरी पानात असू द्या."

तिच्या आवडीचं म्हणजे पास्ता. शारजातल्या घरी ती दर शुक्रवारी तो करायची आणि वरून पार्मेजान चीज किसत बसायची, मुलगी आभा "आई, इनफ!" म्हणेपर्यंत. राजन बाहेर मासे खायचा, पण शोभना पक्की शाकाहारी. अंड्याचा केकही तिने कधी तोंडात घातला नाही. चीज आणायचं काम राजनचं. नेहमीच्या दुकानात ते संपलं होतं, म्हणून तो चौदा वर्षांच्या आभाला घेऊन दुबईतल्या मोठ्या इटालियन बाजारात आला.

एवढा मोठा बाजार दोघांनीही पाहिला नव्हता. नुसत्या ऑलिव्ह तेलाच्याच चार रांगा. शेवटी एकदाचा चीजचा काउंटर सापडला. स्टुलाएवढाले पिवळे गोळे मांडून ठेवले होते.

"बाबा, दॅट वन. आईवालं."

"थांब. श्राद्धाला वाढायचंय, ताजं बघून घेऊ."

काउंटरमागच्या पांढऱ्या टोपीवाल्याची सुरी थांबली. "मराठी काय? मी ऑस्कर, वसईचा. काका, श्राद्धाला म्हणजे व्हेजच लागणार ना?"

"हो. बायकोचं आहे."

"मग हे नका नेऊ. यात दूध फाडायला वासराच्या पोटातला रस घालतात."

"काहीतरीच काय! चीज दुधाचं असतं."

"दुधाचंच हो. पण आपल्यासारखं लिंबू पिळत नाहीत ते."

बारा वर्षं, दर शुक्रवारी. आणि आणून देणारा राजनच.

"ओ माय गॉड," आभा म्हणाली. "आईने तुम्हाला घरात घेतलं नसतं."

"मला आणि किसणीला, दोघांनाही," राजन म्हणाला आणि हसला. मग त्याने चष्मा काढून पुसला.

ऑस्करने दुसऱ्या चीजचा तुकडा पुढे केला. "हे चालेल तुम्हाला. यात तसलं काही नाही."

आभाने चाखलं. "नॉट द सेम. बाबा, शी डिडन्ट नो. तिला तेच आवडायचं, तेच घ्या ना."

"तिला माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे. जाणूनबुजून नाही वाढणार."

"मग पानात काय?"

"टोमॅटोचा पास्ता."

"विदाउट चीज? तो तिने खाल्लाच नसता."

"माहीत आहे."

आभा पाठ फिरवून उभी राहिली. राजनही तिथून हलला नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"ऑस्कर, त्या आधीच्या चीजचा एक लहान तुकडा द्या," तो म्हणाला. "पानासाठी नको. मला."

ऑस्करने कागदावर तुकडा ठेवून दिला. राजनने तो तिथेच, उभ्याउभ्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिला. आभाने वळून पाहिलं आणि हात पुढे केला.

ऑस्करने आणखी एक तुकडा कापला.