ताईच्या नावावरची लस

सकाळपासून ताई शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. सातव्या सदऱ्यापाशी तिच्या अंगात कणकण भरली, छाती वाजायला लागली. तीन दिवस तापाने फणफणलेल्या धाकट्या भावाच्या उशाशी तीच तर बसली होती. भावजय दारातून विचारपूस करून जायची.

आईवडिलांमागे ताईने या भावाला वाढवलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. असली बहीण प्रत्येक घराला हवी असते, बरं का. तिला काय हवं, ते मात्र कुणी विचारत नाही.

"साधा ताप आहे, उतरेल," धाकटा म्हणाला. पण दम्याच्या माणसाने ताप आल्यावर दोन दिवसांच्या आत यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ताई निघालीच. नाइलाजाने तोही मागोमाग आला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "वेळेत आलात. फ्लूच्या विषाणूवरचं औषध आजच सुरू करू. पाच दिवसांचं आहे, बरं वाटलं तरी मध्ये सोडायचं नाही. लस घेतली होती ना?"

"नाही हो. संपली, असं धाकटा म्हणाला."

नर्सने वही उघडली. "संपली कशी? दम्याचे रुग्ण म्हणून तुमच्यासाठी राखून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवून घेऊन गेलात की. ही सही."

नाव ताईचं, अक्षर भावजयीचं. ताईने तारीख पाहिली. त्याच संध्याकाळी भावजयीचा दंड दुखत होता. पिशवी उचलून भरून आला म्हणाली, आणि या वेडीने तिला तासभर शेक दिला. धाकटा समोर बसून बघत होता.

तो कानाशी वाकला. "ताई, हिला रोज बसने जावं लागतं. तू काय, घरातच असतेस. आता हो म्हणून टाक. घरातली गोष्ट आहे."

लहानपणी त्याने फोडलेल्या काचा तिने स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या. आजही 'हो' जिभेवर आलंच होतं.

"घरातच असते," ती म्हणाली, "म्हणून तुमची सगळ्यांची आजारपणं माझ्याच अंगावर येतात." मग ती नर्सकडे वळली. "बाई, ही सही माझी नाही. मला लस मिळालेली नाही. तसं लिहा."

नर्सने लिहिलं. ताईने पहिली गोळी तिथेच घेतली.

"चल, घरी सोडतो," धाकटा पुटपुटला.

"मी जाईन. बरी झाले की लस घ्यायलाही एकटीच येईन. आणि पुढच्या वेळी तू आजारी पडलास, तर उशाशी बायकोला बसव. लस तिने घेतलीय."