लाल खुणेचा नळ

सविताबाईंच्या हातून झाड जात नाही, असं कराडात त्यांच्या गल्लीत सगळे म्हणत. कुणाची कुंडी सुकायला लागली की ती त्यांच्या दारात यायची आणि महिन्याभराने पानं फुटून परत जायची. म्हणूनच त्या जुलैत, शारजात अल मजाजमधल्या मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकामागून एक चार कुंड्या वाळल्या, तेव्हा ते त्यांच्या फार मनाला लागलं.

कुंड्या सुनेच्या, अंतराच्या. ती हौसेने आणायची, पण सकाळी सातला दुबईला निघालेली अंतरा ट्रॅफिकमधून सुटून घरी पोहोचायची ती रात्री आठला. मुलगा सत्यजित हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला, त्याचंही तेच. सुट्टी असल्याने नात पर्णिका घरी असायची, पण मराठीत काही विचारलं की तिचं उत्तर इंग्रजीत. मग सविताबाईंनी झाडांकडे मोर्चा वळवला. भर दुपारी मोगरा मान टाकायचा. त्या वॉशिंग मशीनच्या नळाला पाइप जोडून सगळ्या कुंड्यांना पाणी सोडायच्या. तरी पानांच्या कडा करपायच्या. मग त्या आणखी पाणी द्यायच्या, वर मूठभर खत. गुलाब गेले, तुळस गेली, कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या राहिल्या.

एका संध्याकाळी खालून सिक्युरिटीचा फोन आला. दहाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींवर मातीचं पाणी पडलं होतं. पुन्हा पडलं तर कुंड्या काढाव्या लागतील, असा निरोप होता. सत्यजित रागावला नाही. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "आई, खलास करू या हे आता. प्लास्टिकची झाडं मिळतात, अगदी खरी वाटतात."

त्या रात्री सविताबाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून त्या दहाव्या मजल्यावर गेल्या. लिफ्टमध्ये त्यांनी माफीची हिंदी वाक्यं दोनदा म्हणून पाहिली. दार उघडलं ते साठीच्या एका ठेंगण्या बाईंनी. "जी, वो ऊपर से पानी..." एवढं म्हणून सविताबाई अडखळल्या, "सॉरी म्हणजे, तुमच्या चादरी..."

"अहो, मग मराठीतच बोला की," बाई म्हणाल्या. "मी मुरूडची. सुरैय्या. आत या आधी."

इथे आल्यापासून दोन महिन्यांत घराबाहेर मराठी कानावर पडलं ते हे पहिलं. सविताबाई सोफ्यावर टेकल्या आणि त्यांची नजर बाल्कनीत गेली. तिथे मोगरा होता, पुदिना होता, पुरुषभर उंचीचा कढीपत्ता होता. वरचंच ऊन, वरचंच वारं, मजला तेवढा एक खाली. चादरींचा विषय तिथेच संपला. सविताबाईंनी आपली सगळी रडकथा सांगितली आणि अर्ध्या तासात सुरैय्याबाई त्यांच्याबरोबर अकराव्या मजल्यावर आल्या.

त्यांनी आधी मोगऱ्याच्या मातीत बोट खुपसलं. वरून कोरडी दिसणारी माती आत चिखल झाली होती. कुंडीच्या काठावर पांढरं मीठ साचल्यासारखं दिसत होतं. ते खताचं आहे, या उन्हात झाड खतच खात नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठल्या नळाचं घालता? हात लावून बघितलंत कधी?"

सविताबाईंनी पाइपखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. इतके दिवस पाइपच हातात होता, पाणी कधी हाताला लागलंच नव्हतं. आंघोळीला कढत पाणी यायचं ते त्यांना गिझरचं वाटायचं.

"टाकी गच्चीवर, उन्हात," सुरैय्याबाईंनी समजावलं. "उन्हाळ्यात आम्ही गिझर बंदच ठेवतो. त्याची टाकी घरात, तिच्यातलं पाणी एसीत गार होतं. म्हणून गार पाणी हवं तर लाल खुणेचा, गरम पाण्याचा नळ सोडायचा. पहिल्या वर्षी मीही माझी सगळी झाडं अशीच शिजवली होती."

सविताबाईंनी नळ बंद केला. चार झाडं त्यांनी आपल्या हाताने, मायेने, उकळत्या पाण्यात घातली होती. त्यांचे डोळे भरून आले. सुरैय्याबाई मात्र एव्हाना मोगऱ्याची काडी नखाने खरवडत होत्या. करड्या सालीखाली हिरवी रेघ दिसली.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. मग कढीपत्त्याची काडी खरवडली. तीही आतून हिरवी होती. तुळस आणि गुलाब मात्र गेलेच होते.

त्याच दिवशी दोघींनी कुंड्या भिंतीच्या सावलीत ओढल्या आणि चिखल काढून कोरडी माती भरली. खाली खोलगट ताटल्या ठेवल्या, म्हणजे कुणाच्या चादरींना त्रास नको. गिझर बंद झाला. पहाटे उठून लाल खुणेच्या नळाचं बादलीभर पाणी, तेही माती बोटाला कोरडी लागली तरच. खताचा डबा सविताबाईंनी कपाटात अगदी वर ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात चटणीचा डबा परत घ्यायला त्या खाली गेल्या, तेव्हा सुरैय्याबाई जास्वंदीच्या गळलेल्या कळ्या गोळा करत होत्या. दोन वर्षं फूल नाही, कळी येते आणि गळते, असं त्यांचं गाऱ्हाणं. सविताबाईंनी चष्मा लावून पान उलटं केलं. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावरून मुंग्यांची रांग. "हा पिठ्या ढेकूण," त्या म्हणाल्या आणि तिथेच भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी करून जुन्या टूथब्रशने एकेक पुंजका घासून काढायला बसल्या. महिनाभर दर चार दिवसांनी हे चाललं. घासता घासता मुरूडच्या आणि कराडच्या गोष्टी व्हायच्या. 'सुरैय्याबाई'ची 'आपा', म्हणजे थोरली बहीण, कधी झाली, ते दोघींनाही कळलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मोगऱ्याला फूट आली. ती पहिल्यांदा पर्णिकाला दिसली. "आजी, come fast, it's growing!" म्हणत ती स्वयंपाकघरात धावत आली. रात्री अंतराने ऑफिसची बॅगही न ठेवता बाल्कनीचा दिवा लावला आणि ती कोवळी पानं मोजली. सत्यजितने फोटो काढला. प्लास्टिकच्या झाडांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

नोव्हेंबरात हवा गार झाली, तेव्हा सविताबाई आणि आपा टॅक्सी करून नर्सरीत गेल्या. सविताबाईंनी गुलाबाची दोन रोपं निवडली, पानं उलटीपालटी करून, खोड नीट पाहून. परत येताना दोघींच्या मांडीवर एकेक रोप होतं आणि बाहेर नेहमीचा ट्रॅफिक तुंबला होता.

"किती दिवस आहात अजून?" आपांनी विचारलं.

"याला फूल येईपर्यंत तरी आहे," सविताबाई म्हणाल्या आणि सीटवर जरा मागे टेकून बसल्या.