पक कुणाकडे होता

हेमाचं काम ऐकून लोकांना गंमत वाटायची. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात बसून ती कॅनडातल्या आइस हॉकीच्या मॅचेस बघायची. समोर रेकॉर्डिंग चालू असायचं. पक, म्हणजे रबराची ती काळी चकती, एका टीमकडून दुसरीकडे गेला की बटण दाबायचं. कुठल्या टीमने पक किती वेळ राखला, याचा हिशोब त्यातून तयार व्हायचा. बर्फावर तिने आयुष्यात कधी पाय ठेवला नव्हता.

तिचा नवरा विश्राम बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मुलींना इनलाइन हॉकी शिकवायचा. खेळ साधारण तोच, फक्त बर्फाऐवजी सिमेंटचा रिंक आणि पायात चाकांचे स्केट्स. घरातली दोन्ही माणसं हॉकीवर जगत होती, तरी घरी त्यावर बोलणं जवळजवळ नसायचं. ऑफिसातून आल्यावर हेमाला तो विषय नको वाटायचा आणि विश्रामला वाटायचं, बटणं दाबण्यात सांगण्यासारखं काय असणार.

या हिवाळ्यात त्याची टीम लागोपाठ चार मॅच हरली. चौथ्या मॅचनंतर कॉम्प्लेक्सचा सेक्रेटरी रत्नदीप त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, पालक विचारायला लागलेत. पुढची मॅच बघू, मग ठरवू." तो माणूस वाईट नव्हता, पण विश्राम घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच.

"मीच सोडतो," जेवताना तो म्हणाला. "मला नाही जमत आता."

हेमाने समजूत घातली नाही. तिने एवढंच विचारलं, "मॅचचे व्हिडिओ आहेत कुणाकडे?"

"टीममधल्या क्षिप्राची आई काढते मोबाईलवर. कशाला?"

"मागव ना. बघू."

रविवारी दुपारी दोघं पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले. ऑफिसचं सॉफ्टवेअर घरी नव्हतं, म्हणून हेमाने दोघांच्या फोनवर स्टॉपवॉच लावली. पक आपल्या मुलींकडे असेपर्यंत तिचं चालायचं, समोरच्यांकडे गेला की त्याचं. सुरुवातीला त्याचा अंगठा मागे पडायचा. "स्टिककडे बघ, मुलींकडे नको," ती म्हणाली. मग त्याला जमायला लागलं.

चारही मॅचमध्ये हेमाचं घड्याळ बरंच पुढे होतं.

"म्हणजे आम्ही चांगलं खेळलो?"

"हरलात ते हरलात. पण या खेळात गोल फार कमी होतात रे. एखादा कुणाच्या तरी पायाला लागून आत जातो. चार मॅचच्या गोलांवरून टीम कशी आहे ते नाही कळत. पक कुणाकडे राहतो, त्यावरून जरा लवकर कळतं. ज्यांच्याकडे जास्त राहतो, त्यांचं पुढे बहुतेक बरं होतं."

"बहुतेक."

"बहुतेकच. कधीकधी पक नुसताच राहतो." तिने व्हिडिओ मागे नेला. क्षिप्रा गोलसमोर होती, पुढे मोकळी जागा होती आणि तिने पक मागे देऊन टाकला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. "ही मारत का नाही?"

उत्तर पहिल्याच मॅचमध्ये होतं. क्षिप्राचा फटका गोलवरून गेला आणि व्हिडिओत विश्रामचा आवाज आला, "कुणी सांगितलं होतं मारायला?" त्यानंतर बाकीच्या मुलीसुद्धा सहजासहजी मारत नव्हत्या.

विश्रामने व्हिडिओ थांबवला. हेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी असा ओरडतो?"

"त्या दिवशी ओरडलास."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू रोज हेच करतेस?"

"रोज. फक्त तिथे शेजारी कुणी नसतं."

तो हसला आणि चहा करायला उठला.

पुढच्या प्रॅक्टिसला त्याने मुलींना गोलाकार बसवलं. "पक तुम्ही फार छान राखता. मला ते दिसलं नव्हतं, तुमच्या काकूंनी दाखवलं. आता जागा दिसली की मारा. चुकलं तर मी काही बोलणार नाही."

"नक्की, सर?" क्षिप्राने विचारलं.

"नक्की."

पाचव्या मॅचला हेमा गेली. मुली मारत सुटल्या. काही फटके तर रिंकच्या बाहेर गेले. विश्रामने एकदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टीम तीन-दोनने हरली.

रत्नदीप स्वतःहून हेमाजवळ आला. "हरलो, पण आज मजा आली बघायला." तिने त्याला दोन घड्याळांची गोष्ट सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "राहू दे मग. सीझन संपेपर्यंत सरच बघतील. पालकांशी मी बोलतो."

ते सांगायला ती विश्रामला शोधत गेली. तो रिंकच्या कडेला खाली बसून क्षिप्राच्या स्केटची गाठ सोडवत होता.

"सर, माझा तो एक फटका गोलच्या बारला लागला," ती सांगत होती.

"पाहिला मी. आवाज काय मस्त आला."

हेमा थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तीही खाली बसली आणि क्षिप्राचा दुसरा पाय तिने आपल्याकडे घेतला.