माझ्या आवाजाचा ट्रॅक

आमच्या गावच्या महोत्सवात तयार सिनेमे संध्याकाळी दाखवतात आणि अर्धेकच्चे सकाळी. सकाळच्या वर्गाला सगळे बेर्निसचा वर्ग म्हणतात. बेर्निसनं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे कापले-जोडले आहेत. तिचा नियम एकच: तुमचा सिनेमा अनोळखी लोक बघणार, मग त्याबद्दल बोलणार, आणि त्यांचं संपेपर्यंत तुम्ही ब्रसुद्धा काढायचा नाही. मोह नको म्हणून ती तुमच्या हातावर लिंबाची एक जाडजूड गोळी ठेवते. ती चोखत बसायचं.

मी शाळेची बस चालवते. मागे वळूनही न बघता चाळीस पोरं गप्प करते, पण स्वतः गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आठ वर्षं सुट्ट्या खर्चून मी बाबांवर सिनेमा केला. बाबा, म्हणजे टोइवो, लेक सुपीरियर या अफाट तळ्यावर हेरिंग मासे पकडायचे. आई गेली त्या उन्हाळ्यात मी हातात कॅमेरा घेतला, आणि पुढच्याच वर्षी बाबांनी चांगली धडधाकट बोट विकून टाकली. का विकली म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "यंदा बर्फ लवकर पडणार बघ." आता या माणसाशी काय बोलायचं? मग कारण मीच शोधून काढलं. मासे किती घटले, परवान्यांचे नियम कसे बदलले, सगळं खणून काढलं आणि माझ्याच आवाजात सिनेमाभर सांगितलं. बोट का विकली हे परक्या माणसांना कळलं नाही, तर ही आठ वर्षं फुकट गेली, असं मी मनाशी धरूनच आले होते.

बाबाही आले होते. मागच्या रांगेत, कानात ऐकू यायचं यंत्र, मांडीवर टोपी. "लांबलचक आहे का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिवे गेले. धुकं, बोटीचा धक्का, दोर सोडणारे बाबा. इथे माझा आवाज सुरू व्हायला हवा होता. लाटांचा आला, इंजिनाचा आला, माझा काही येईना. मग लक्षात आलं. आदल्या दिवशी लाटा नीट ऐकता याव्यात म्हणून मी माझ्या निवेदनाचा ट्रॅक बंद केला होता, आणि तो तसाच बंद ठेवून सिनेमा पाठवून दिला होता!

मी ताडकन उठले. "बेर्निस, अगं, यात माझं..."

"बस खाली," ती अंधारातून म्हणाली. "आणि गोळी तोंडात."

पन्नास मिनिटं मी पडद्याकडे बघितलं नाही, बघणाऱ्यांकडे बघितलं. बाबा सीगलला शिव्या घालतात तिथे लोक खदखदून हसले. मग हळूहळू कुणी हलेनासं झालं. कंटाळले असणार, मी म्हटलं. संपलं सगळं.

दिवे लागल्यावर विनिपेगहून आलेला एक दाढीवाला आधी बोलला. डॅरिल नाव त्याचं. "ते बोटीवर रोज दोन कपांत कॉफी ओततात. एक स्वतः पितात. दुसरा समोर ठेवतात आणि गार झाला की पाण्यात ओतून देतात. तिथेच मला कळलं, हा माणूस ही बोट फार दिवस ठेवत नाही."

"हो, आणि समोरची जागाही रिकामी ठेवतात," एक बाई म्हणाली आणि नाक पुसायला लागली.

दुसरा कप? तो प्रसंग मी माझ्या हातानं टिपला होता. दोनशे वेळा तरी बघितला असेल. आई तीस वर्षं त्याच जागी बसून जाळ्यातले मासे सोडवायची, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण तिथे मी परवान्यांबद्दल बोलत होते ना! मला फक्त माझंच ऐकू येत होतं, मग कप दिसणार कसा. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याच वेळी आत कुठेतरी हलकंही वाटलं.

"आता बोल," बेर्निस म्हणाली.

मी चूक कबूल केली. सगळे पोट धरून हसले. "अगं, आपल्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी हे केलंय," बेर्निस म्हणाली. "आता तुझ्या आवाजासकट ऐकव बघू. तोच कॉफीचा तुकडा."

मी लॅपटॉप जोडला, ट्रॅक चालू केला. पडद्यावर बाबांनी थर्मास उघडला, एक कप भरला, दुसरा भरायला घेतला, आणि माझा आवाज सुरू झाला: "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीनंतर परवान्यांचे नियम..."

मागच्या रांगेतून बाबा ओरडले. कानात यंत्र असूनही आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना कळत नाही.

"अगं ए सिल्वी, गप्प बस ना जरा! कॉफी पितोय आम्ही."

कुणी हसलं नाही. मी हात पुढे करून माझा आवाज बंद केला, आणि दुसरा कप गार होईपर्यंत सगळ्यांबरोबर बघत राहिले.