मनुके नकोत

माझ्या चहाखान्यात आता बसायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाव चहाखाना, पण आत शिरलात तर अंग चोरून उभं राहावं लागेल. दाराशी तुतीच्या सावलीत चार माणसांनी मांडी घालून बसायचं लाकडी तख्त होतं, ते मी मोडलं. तिथे आता डबे भरायचं टेबल आहे, पिशव्यांचे ढीग आहेत आणि फोनवरून डबे मागवून देणाऱ्या कंपनीने दिलेला तो टॅब आहे. तो टिंगटिंग करतो आणि मी धावतो. म्हातारपणी अशी पळापळ सगळ्या नमनगान शहरात माझ्याच नशिबी आली असेल.

तख्त मोडलं त्या दिवशी ममासोली आला. आमची दोस्ती शाळेपासूनची. रोज सकाळी तख्ताच्या कोपऱ्यात त्याची हिरव्या चहाची किटली ठरलेली, आणि माझ्या पुलावाला नावं ठेवणंही ठरलेलं. "अरे तुर्गून, पुलाव आहे की हलवा? मनुके कसले घालतोस!" मग मी त्याच्यासाठी बिनमनुक्यांचा वेगळा काढायचो, मध्यभागी लसणाचा अख्खा गड्डा ठेवून. तरी शेवटी "कंजुषा, मटण कुठे लपवलंस?" हे यायचंच. मीही त्याला कंजूसच म्हणायचो.

त्या दिवशी टेबलाकडे बघून तो म्हणाला, "माणसं बाहेर काढलीस आणि डबे आत घेतलेस. शाबास! आता डब्यांशीच गप्पा मार."

"अरे, स्टूल देतो. बस की."

"स्टुलावर बसायला मी काय न्हाव्याकडे आलोय?"

असं म्हणून गेला तो गेलाच. पुढे कानावर आलं की कालव्यापलीकडे नव्या इमारतींत मुलाकडे राहायला गेलाय. फोन करता आला असता. पण आधी कोण करणार? दोघंही नाकावर माशी बसू देणारे नव्हतो.

कंपनीचा माणूस आला होता तेव्हा काय गोड बोलला होता! प्रत्येक डब्यातला चौथा हिस्सा कंपनीचा, गिऱ्हाइकाला सूट द्यायची ती माझ्या खिशातून, उशीर झाला तर यादीत मी खाली. हे सगळं हळूहळू कळलं आणि मी गिळलं. चालायचंच, धंदा आहे. पण एक गोष्ट तो बोलला नव्हता. खाणारा कोण ते मला दिसत नाही. नाव नाही, पत्ता नाही. नुसता एक आकडा.

पूर्वी कुणाला पोर झालं, कुणाची गाय हरवली, कुणाचा जीव गेला, सगळं आधी तख्तावर यायचं. आता इथे कुणी बसतच नाही, मग बातमी तरी कुठे बसणार? डबे न्यायला येतात ते हेल्मेटमधून 'अमाकी', म्हणजे काका, म्हणतात, आकडा सांगतात आणि पळतात. अख्ख्या शहराला जेवू घालतो आणि स्वतः टेबलाच्या कडेला ताटली ठेवून एकटा जेवतो. बायको अल्लाहकडे, मुलगी ताश्कंदला. कधीकधी तर कढईशीच बोलतो, आता लपवायचं काय त्यात.

अशात एका सकाळी मोठी ऑर्डर आली. वीस माणसांचा पुलाव. खाली सूचना होती: 'मनुके नकोत. मध्यभागी लसणाचा अख्खा गड्डा.'

मी मोठ्यांदा हसलो. अरे लबाडा! दुसरा कोण असणार? नातवाचं काही कार्य काढलं असेल, आणि यायला तोंड नाही म्हणून फोनवरून मागवतोय. कसला आनंद झाला म्हणून सांगू! पिवळी गाजरं हातांनी चिरली, मटण दीडपट घातलं. कंपनीचा लाल कागद प्रत्येक डब्यावर चिकटवावा लागतो, 'मजेत जेवा! पुन्हा मागवा!' तो चिकटवला. आणि सगळ्यांत मोठ्या डब्याच्या झाकणावर जाड पेनाने लिहिलं, 'कंजुषा, जिवंत आहेस तर! आता तोंड दाखव.'

दिवसभर मी दाराकडे बघत होतो. एक स्टूल पुसून तुतीखाली ठेवलंही होतं.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅब वाजला. पाचपैकी एकच चांदणी मिळाली होती, आणि खाली लिहिलं होतं: 'आमच्या घरी मयत झालंय. झाकणावर काय लिहून पाठवलंत ते एकदा वाचा.' त्याखाली कंपनीची तयार माफी होती, बोट लावलं की जाणारी.

त्या माफीला मी बोट लावलं नाही. सकाळी तो परवाचाच डबेवाला आला तेव्हा त्याची बाही धरली. "कुठे नेलास रे तो वीस जणांचा पुलाव?"

"कालव्यापलीकडे, नव्या इमारतीत. दारात माणसं मयताला बांधतात तसा कमरेला रुमाल बांधून उभी होती, अमाकी."

"मग परत येऊन सांगायचंस ना, गाढवा!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. पुढची ऑर्डर होती," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? मजला आणि दार मात्र त्याच्याकडून विचारून घेतलं.

टॅब पालथा घातला आणि कढई चढवली. मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्या-दोस्तांनी न्यायचं असतं. आणि मी विकलं होतं! पुलाव झाला तसं पातेलं फडक्यात बांधलं, कमरेला रुमाल बांधला आणि निघालो. लिफ्ट बंद होती. जिना चढताना कांदा परतल्याचा वास आला. वास त्याच दारातून येत होता. म्हणजे ऑर्डरच्या आदल्याच दिवशी मयत झालं असणार; तीन दिवस होऊन गेले होते.

ममासोलीच्या सुनेने दार उघडलं. पातेल्याकडे बघून ती आत वळली. "अहो, तुम्ही काही मागवलंय का?"

त्याचा मुलगा इल्होम बाहेर आला. हुबेहूब बापाचा चेहरा.

"पोरा, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "अल्लाहची शपथ. मला वाटलं, तोच चेष्टा करतोय."

त्याने दोन्ही हातांनी पातेलं घेतलं. "रागात लिहिलं मी, अमाकी. पण एक विचारू? तुम्ही आला का नाहीत? आजारी पडल्यापासून बाबा दर शुक्रवारी तुमचाच शोरबा मागवायचे. खातं मुद्दाम त्यांच्या नावाने उघडून घेतलं होतं. म्हणायचे, 'तुर्गूनला माझं नाव दिसू दे, म्हणजे कळेल की आधी मी हात पुढे केलाय.' डबा आला की झाकण उलटसुलट करून बघायचे, काही लिहिलंय का. मग म्हणायचे, 'रुसलाय अजून.'"

शुक्रवारचा शोरबा. माझ्या हातांनी भरलेला, एका माणसापुरता. आकडा बघून पिशवीत टाकलेला.

"मला नाव दिसत नाही रे," मी म्हणालो. "मी रुसलो नव्हतो. मला नाव दिसतच नव्हतं."

इल्होमने मान हलवली आणि मला आत नेऊन गादीवर बसवलं. सुनेने चहा आणला. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलो, आणि ज्याला सांगायचं होतं तो तर ऐकायला नव्हता.